प्रीमिअरमधला कट रिझॉल्व्हमध्ये नेताना: काय पोचतं, काय मागे राहतं

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातल्या कार्यालयांच्या तारखा भरतात आणि पाठोपाठ एडिटिंग करणाऱ्यांच्या हार्ड डिस्कही. कट एकाने प्रीमिअर प्रोमध्ये लावलेला असतो, कलर करणारा डाविंची रिझॉल्व्हवर बसतो आणि तिसऱ्याकडे मॅक आणि फायनल कट. प्रीमिअरची वर्गणी थांबवून कायमचं रिझॉल्व्हवर जायचं ठरवणारेही आहेत. सगळ्यांना पहिली काळजी एकच असते, अर्धा झालेला प्रोजेक्ट तिकडे धड उघडेल का. हे परीक्षण रिझॉल्व्हच्या तेवढ्याच कामाचं आहे: दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन, म्हणजे क्लिप लावलेली पट्टी, आत घेणं.

निकाल आधीच सांगतो. कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या ट्रॅकवर, एवढं रिझॉल्व्ह चांगलं आणतं, आणि फुकटच्या आवृत्तीतही आणतं. टायटल, इफेक्ट, ल्युमेट्रीचं (प्रीमिअरच्या रंग-साधनाचं) कलर, स्टॅबिलायझेशन (हलतं चित्र स्थिर करणं) येत नाही. आणि बिघडतं त्यातलं बरंच काही प्रीमिअरमध्येच आधी आवरून ठेवलं तर बिघडत नाही. म्हणून खालचा निम्मा मजकूर रिझॉल्व्ह उघडण्याआधीच्या कामाचा आहे.

प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल रिझॉल्व्ह थेट वाचत नाही. मध्ये एक चिठ्ठी लागते, ती म्हणजे एक्सएमएल नावाची मजकुराची फाइल. प्रीमिअर जी लिहितं ती जुन्या फायनल कट प्रो ७ च्या पद्धतीची. २०११ च्या जूनमध्ये फायनल कट टेन आलं आणि ७ मागे पडलं, पण ही पद्धत मात्र सगळ्यांनी धरून ठेवली. या चिठ्ठीत व्हिडिओचा एकही फ्रेम नसतो. फाइलचा पत्ता, इन आणि आउट (क्लिपची सुरुवात आणि शेवट), ट्रॅक, स्केल, पोझिशन, ओपॅसिटी, साधा डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं येणं), ठरावीक वेग एवढंच लिहिलेलं असतं. एक्सएमएल व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, फुटेजची डिस्क सोबत द्यावीच लागते, ती यामुळे.

प्रीमिअरमध्ये सीक्वेन्सची (तिथे टाइमलाइनचं नाव हेच) डुप्लिकेट करा आणि मोडतोड त्याच प्रतीवर करा. मूळ सीक्वेन्सला हात लावू नका. लग्नाच्या कामात पहिली अडचण मल्टिकॅमची येते. मंगलाष्टकं तीन कॅमेऱ्यांवर सलग घेतलेली असतात आणि त्या सगळ्या कटांच्या मुळाशी एक मल्टिकॅम सोर्स, म्हणजे सगळे कॅमेरे एकत्र बांधलेली क्लिप, असतो. सगळ्या क्लिप निवडून राइट क्लिक, मल्टि-कॅमेरा, फ्लॅटन. आता प्रत्येक कटाखाली खरी कॅमेरा फाइल येते. सीक्वेन्स मेनूमधलं 'सिंप्लिफाय सीक्वेन्स' हेच करून शिवाय रिकामे ट्रॅक आणि बंद ठेवलेल्या क्लिपही काढतं. वेळ कमी असेल तर तेच वापरा. नेस्ट (एका सीक्वेन्समध्ये ठेवलेली दुसरी सीक्वेन्स) असतील तर ते रिझॉल्व्हमध्ये कंपाउंड क्लिप म्हणून येतात, पण नेस्टलाच वेग किंवा स्केल लावलेला असेल तर आतलं गणित चुकू शकतं. असे नेस्ट हाताने उघडून आतल्या क्लिप बाहेर आणलेल्या बऱ्या.

आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून डायनॅमिक लिंकने थेट जोडलेलं काम रिझॉल्व्हला कळत नाही. त्या क्लिपवर राइट क्लिक, 'रेंडर अँड रिप्लेस', आणि प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या व्हिडिओ-फॉरमॅटमध्ये पक्कं करा. वॉर्प स्टॅबिलायझर (प्रीमिअरचा चित्र स्थिर करणारा इफेक्ट) लावलेल्या क्लिपलाही हाच मार्ग, नाहीतर स्टॅबिलायझर काढून टाका आणि रिझॉल्व्हचा लावा. कलर करायचंच असेल तर दुसरा पर्याय चांगला, कारण तेव्हा मूळ फाइलवर ग्रेड, म्हणजे रंगाचं काम, होतो.

मग स्केल. १९२० बाय १०८० च्या टाइमलाइनवर ३८४० बाय २१६० ची क्लिप टाकली की प्रीमिअर ती दोन पद्धतींनी बसवतं. 'स्केल टू फ्रेम साइज' केलं तर चित्र लहान होतं, पण इफेक्ट कंट्रोलमध्ये स्केल १०० च दिसतो. 'सेट टू फ्रेम साइज' केलं तर तिथे ५० येतं. एक्सएमएलमध्ये जातो तो हा आकडा. पहिल्या पद्धतीत चिठ्ठीवर १०० लिहिलं जातं आणि रिझॉल्व्ह त्याचा अर्थ आपल्या सेटिंगप्रमाणे लावतं. त्यामुळे सगळ्या फोरके क्लिपना आधीपासून 'सेट टू फ्रेम साइज'च वापरा. चालू प्रोजेक्टमध्ये पहिलं लागलेलं असेल तर बदलल्यावर हाताने केलेले झूम पुन्हा तपासावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. तो आधीच हिशोबात धरा.

नवरी मंडपात येतानाचा स्लो मोशन शॉट हा दुसरा हमखास घोळ. सेकंदाला ५० फ्रेमची क्लिप प्रीमिअरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज' करून २५ ची मानली की ती निम्म्या वेगाने चालते. रिझॉल्व्ह मात्र फाइल उघडून बघतं आणि त्याला तिथे ५० दिसतात. मग क्लिप पूर्ण वेगाने पळते किंवा भलत्याच ठिकाणाहून सुरू होते. उपाय दोन. प्रीमिअरमध्ये इंटरप्रिट न करता स्पीड ५० टक्के ठेवा. ते चिठ्ठीतून नीट जातं. ते शक्य नसेल तर रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये (फुटेज ठेवायच्या जागेत) त्या क्लिप आधी आणा, क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये फ्रेम रेट २५ करा आणि मगच एक्सएमएल घ्या. वेग मध्येच वाढत-कमी होत जाणारा असेल, म्हणजे टाइम रीमॅपिंगचा, तर तो नव्याने लावायची तयारी ठेवा. ऑप्टिकल फ्लो (मधले फ्रेम नव्याने बनवून हालचाल सलग करणं) तर प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा, तो परत निवडावाच लागतो.

आता फाइलींची नावं, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. सोनीचे कॅमेरे क्लिपना सी०००१, सी०००२ अशी नावं देतात. क्रमांक नव्याने सुरू होण्याचं सेटिंग असेल तर दुसऱ्या कार्डावरही सी०००१ पासूनच सुरुवात. दोन कॅमेरे, चार कार्डं, म्हणजे एकाच डिस्कवर चार सी००४७. लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीचं काम घ्या, जी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सकाळच्या कार्डावरच्या सी००४७ मध्ये ढोलपथक, रात्रीच्या सी००४७ मध्ये रोषणाई. डिस्कचं अक्षर बदललं, जुना पत्ता सापडला नाही, आणि तुम्ही रिझॉल्व्हला शोधायला एकच फोल्डर दाखवलं, तर ते त्या नावाची जी फाइल मिळेल ती उचलतं. लहान कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइलच्या बऱ्याच क्लिपचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा क्रमांक) शून्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे टाइमकोड जुळवूनही फरक कळत नाही. दोन्ही फाइली पूलमध्ये असतील तर रिझॉल्व्ह क्लिपवर सूचनेची छोटी खूण दाखवतं. चुकीची एकटीच असेल तर काहीच सांगत नाही, फाइल सापडली नाही की येणारा लाल स्क्रीनही येत नाही, आणि ढोलाच्या आवाजावर दिव्यांची माळ चालू राहते. या एका बाबतीत रिझॉल्व्हने जास्त काळजी घ्यायला हवी होती असं आमचं ठाम मत आहे. फाइलची एकूण लांबी जुळत नसेल तर तरी विचारायला हवं.

म्हणून कार्ड उतरवतानाच, एडिट सुरू व्हायच्या आधी, नावापुढे कॅमेरा आणि कार्ड जोडा: ए१_सी००४७, बी२_सी००४७. एडिट सुरू झाल्यावर नावं बदलू नका, सगळे दुवे तुटतात. सोनीच्या क्लिपसोबत त्याच नावाची एम०१ जोडलेली एक छोटी एक्सएमएल फाइल येते. ती कॅमेऱ्याची माहिती असते, टाइमलाइन नव्हे. आयात करताना घाईत तीच निवडली जाते आणि मग फाइल उघडत नाही म्हणून सगळे अडून बसतात. आपली एक्सएमएल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फाइल आणि फोल्डरची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी खालच्या रेघेने जोडलेली असावीत. देवनागरी नावं पुष्कळदा चालतात, पण विंडोजवरून मॅकवर जाताना अडकली तर कारण शोधणं अवघड जातं.

मोबाइलवर घेतलेल्या क्लिपचा फ्रेम रेट बहुधा स्थिर नसतो. एका सॉफ्टवेअरमध्ये सिंक बसलेला आवाज दुसऱ्यात हळूहळू मागे पडतो तो यामुळेच. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून अशा क्लिप एडिटच्या आधी बदलून घ्या, नंतर नाही.

एवढं झालं की प्रोजेक्ट पॅनेलमध्ये ती सीक्वेन्स निवडा, मग फाइल, एक्सपोर्ट, फायनल कट प्रो एक्सएमएल. सीक्वेन्स न निवडता केलं तर अख्खा प्रोजेक्ट चिठ्ठीत जातो. काही नेता आलं नसेल तर प्रीमिअर 'एफसीपी ट्रान्स्लेशन रिझल्ट्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल तयार करतं. कुठला इफेक्ट आणि कुठलं ट्रान्झिशन सुटलं ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक जण ती उघडतच नाहीत. ती पाठवायलाच हवी, कलर करणाऱ्यासाठी ती कामाची यादीच असते. सोबत त्याच सीक्वेन्सचा टाइमकोड छापलेला एक हलका एच.२६४ व्हिडिओही काढा. पुढची सगळी तपासणी त्याच्यावर होते.

रिझॉल्व्हमध्ये नवीन प्रोजेक्ट घेतला की कुठलीही क्लिप आणण्याआधी टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ करा. एकदा पूलमध्ये फुटेज आलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. त्यानंतर फाइल, इंपोर्ट, टाइमलाइन. जी खिडकी उघडते तिच्यातल्या तीन खुणा महत्त्वाच्या. 'सोर्स क्लिप आपोआप आणा' ही खूण फुटेज आधीच पूलमध्ये फोल्डरवार आणलेलं असेल तर काढा. आमच्या मते नेहमी असंच करावं, म्हणजे कुठली फाइल जोडली जाते हे आपल्या हातात राहतं. 'साइझिंगची माहिती वापरा' ही ठेवा, नाहीतर सगळे झूम जातात. 'फाइलचं एक्स्टेन्शन दुर्लक्षा' ही एरवी काढलेलीच ठेवा. एमपी४ च्या प्रोरेस प्रती करून घेतल्या असतील तरच लावा.

टाइमलाइन उघडली की आधी लाल 'मीडिया ऑफलाइन' शोधा. डिस्कचं फक्त अक्षर बदललं असेल तर पूलमध्ये क्लिप निवडून 'चेंज सोर्स फोल्डर' करा, एका फटक्यात सगळ्या लागतात. एकाच कॅमेऱ्याच्या सगळ्या क्लिप ऑफलाइन असतील तर पत्त्यापेक्षा फॉरमॅटचा संशय घ्या. विंडोजवरची फुकटची आवृत्ती १०-बिट ४:२:२ चं (जास्त रंगमाहितीचं) एच.२६४ उघडत नाही. तिथे स्टुडिओ ही विकतची आवृत्ती घ्या किंवा फुटेज डीएनएक्सएचआरमध्ये बदला. सगळ्या फोरके क्लिप एकाच प्रमाणात मोठ्या किंवा लहान दिसत असतील तर क्लिपगणिक दुरुस्ती करत बसू नका. प्रोजेक्ट सेटिंगच्या इमेज स्केलिंगमध्ये 'स्केल एंटायर इमेज टू फिट' आणि 'सेंटर क्रॉप विथ नो रिसायझिंग' यांत अदलाबदल करून बघा.

मग तो टाइमकोडवाला व्हिडिओ सगळ्यात वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि कंपोझिट मोड 'डिफरन्स' करा. जिथे दोन्ही चित्रं सारखी तिथे पडदा जवळपास काळा दिसतो. एका फ्रेमचा घोळ असला तरी कडा उजळतात, क्लिपच वेगळी असेल तर अख्खं चित्र उसळून येतं. वर सांगितलेली सी००४७ ची चूक पकडायची हीच खात्रीची पद्धत आहे. अडीच तासांच्या लग्नाच्या फिल्मलाही हे शेवटपर्यंत बघा, दुप्पट वेगाने का होईना.

मराठी टायटलांचा विषय वेगळाच काढायला हवा. प्रीमिअरमधले शब्द एक्सएमएलमधून जात नाहीत. तिकडे रिकामी किंवा ऑफलाइन क्लिप येते. पुन्हा टाइप करायचं म्हटलं तर प्रश्न फॉन्टचा. पुण्यात अजून कितीतरी पत्रिका आणि टायटलं श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केली जातात. ही दोन्ही पुण्यातच घडलेली आणि त्यांनी मराठी अक्षर संगणकावर आणलं. पण त्या जुन्या फॉन्टमध्ये 'शुभविवाह' हा शब्द आतून रोमन चिन्हांचा असतो. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अर्थहीन अक्षरं उमटतात. युनिकोड फॉन्ट असला तरी प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हवं, नाहीतर वेलांटी आणि जोडाक्षरं तुटतात. रिझॉल्व्हमध्ये ज्या टायटल टूलने काम करणार त्यात आधी 'चि. सौ. कां.', 'लक्ष्मी', 'कार्यालय', 'श्रीकृष्ण', 'ऱ्हास' एवढं लिहून बघा. रफार, पहिली वेलांटी आणि 'क्ष्मी' नीट बसले तर पुढे जा.

खात्रीचा मार्ग मात्र टायटल चित्र म्हणून नेण्याचा. सीक्वेन्सची आणखी एक प्रत घ्या, त्यात फक्त टायटलचे ट्रॅक ठेवा आणि प्रोरेस ४४४४ मध्ये अल्फासकट, म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीसकट, रेंडर करा. डेप्थमध्ये अल्फा असलेला पर्याय निवडायला विसरू नका. स्थिर टायटल असतील तर पारदर्शक पीएनजी पुरते. रिझॉल्व्हमध्ये अक्षरांभोवती काळपट कड दिसली तर क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये अल्फा मोड 'प्रीमल्टिप्लाइड' आणि 'स्ट्रेट' यांत बदलून बघा, जाते. सबटायटलला हा खटाटोप नको. प्रीमिअरमधून एसआरटी (सबटायटलची मजकूर-फाइल) काढा, फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे ना ते बघा, आणि रिझॉल्व्हच्या सबटायटल ट्रॅकवर टाका. नांदीपासून भरतवाक्यापर्यंत नाटकाचं चित्रीकरण करणाऱ्यांना हा रस्ता फार उपयोगाचा आहे.

आवाजाची पातळी आणि साधे फेड येतात. ईक्यू, कॉम्प्रेसर, नॉइज काढणारे इफेक्ट येत नाहीत. गुरुजींच्या कॉलर माइकचा आवाज डाव्या चॅनेलवर आणि कॅमेऱ्याचा उजव्यावर असेल आणि प्रीमिअरमध्ये चॅनेल बदललेले असतील, तर रिझॉल्व्हमध्ये ते मूळ अवस्थेत दिसू शकतात. क्लिप ॲट्रिब्यूट्सच्या ऑडिओ भागात दुरुस्त होतं. ध्वनीचं काम प्रो टूल्सवर होणार असेल तर एक्सएमएल नको, एएएफ ही ध्वनीच्या कामासाठीची फाइल द्या: ४८ किलोहर्ट्झ, प्रत्येक क्लिपला दोन्ही बाजूंनी काही सेकंदांची जास्तीची पट्टी, आणि सुरुवातीच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा टू-पॉप, म्हणजे छोटा बीप. सिंक बसवताना तोच कामी येतो.

फायनल कटवाल्यांसाठी रिझॉल्व्ह हा फुकटचा दुभाषा आहे, आणि ते त्याचं सगळ्यात कमी वापरलं जाणारं बळ. फायनल कटची आजची टाइमलाइन-फाइल, एफसीपीएक्सएमएल, प्रीमिअर थेट वाचत नाही; त्यासाठी एक्स-टू-सीसीसारखं वेगळं विकतचं साधन घेतात. रिझॉल्व्ह ती वाचतं आणि जुन्या ७ च्या पद्धतीची एक्सएमएल लिहून देतं, जी प्रीमिअरला चालते. उलट दिशाही जमते. फायनल कटमधून काढताना रिझॉल्व्हने फाइल नाकारली तर एक्सपोर्टच्या खिडकीत 'मागची आवृत्ती' निवडा. फायनल कटच्या चुंबकी टाइमलाइनवर (जिथे क्लिप आपोआप एकमेकींना चिकटतात) मुख्य क्लिपला जोडलेल्या क्लिपांचे ढीगभर ट्रॅक होतात, ते आवरायला वेळ ठेवा.

ईडीएल, म्हणजे कटांची जुन्या पद्धतीची यादी, आता फक्त शेवटचा उपाय. त्यात चित्राचा एकच ट्रॅक, सीएमएक्स ३६०० पद्धतीत ९९९ नोंदींची मर्यादा आणि रीलचं (मूळ टेपचं) नाव आठ अक्षरांत. ओटीआयओ ही पिक्सारने सुरू केलेली खुली पद्धत रिझॉल्व्ह आणि केडेनलाइव्ह (फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर) दोघांना कळते. साध्या कटासाठी चांगली, पण सध्या लग्नाच्या कामाला एक्सएमएलच धरा.

रंग झाल्यावर परत प्रीमिअरमध्ये यायचं असेल तर डिलिव्हर पेजवर 'प्रीमिअर एक्सएमएल'चा प्रीसेट आहे. 'इंडिव्हिज्युअल क्लिप्स' आणि १२ ते २४ फ्रेमची हँडल (दोन्ही बाजूंची जास्तीची पट्टी) ठेवा, म्हणजे परतल्यावर डिझॉल्व्ह थोडा लांबवता येतो. ग्रेड चिठ्ठीतून जात नाही, रेंडर झालेल्या चित्रातच जातो. म्हणून टायटलशिवायची टाइमलाइन पाठवून ग्रेड करून घेणं आणि टायटल प्रीमिअरमध्येच शेवटी लावणं हा क्रम दोघांनाही सोयीचा.

स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच घ्यायची, एक परवाना दोन संगणकांवर चालतो. निव्वळ प्रोजेक्ट हलवण्यासाठी ती लागत नाही. वर सांगितलेलं १०-बिट ४:२:२ चं एच.२६४ फुटेज न बदलता विंडोजवर चालवायचं असेल तर लागते.

प्रीमिअरची वर्गणी थांबवणार असाल तर ती चालू असतानाच, हातातल्या आणि परत मागणी येऊ शकेल अशा प्रत्येक प्रोजेक्टचे चार जिन्नस काढून ठेवा: आवरलेल्या सीक्वेन्सची एक्सएमएल, टायटलचं प्रोरेस ४४४४, टाइमकोडवाला संदर्भ व्हिडिओ आणि ट्रान्स्लेशन रिझल्ट्सची फाइल. वर्गणी संपल्यावर मूळ प्रोजेक्ट फाइल डिस्कवर असली तरी ती उघडायला काही हातात राहत नाही.